परतीच्या टेम्पोतले घर

त्या वर्षी पाड्यावरच्या तीन मुली दहावी पास झाल्या. निलम, प्रगती आणि धाकली; धाकली हे तिचे नावच होते. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या त्या पाड्यावर याआधी एका वर्षात तीन मुली पास झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. पेढे वाटून झाले, आणि मग वसतिगृहाची यादी लागली. अर्ज फार, जागा थोड्या. तिघींपैकी एकीचेही नाव तिच्यात नव्हते.

हिरी त्या रविवारी माहेरी आली होती. डहाणूतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती परिचारिका होती, आणि पाड्याच्या दृष्टीने शहर म्हणजे हिरी आणि हिरी म्हणजे शहर. आंब्याखाली बसलेल्या मंडळींत निलमचा बाप जिव्या म्हणाला, "आता निलम जाईल बोईसरला, मावशीबरोबर कंपनीत. शिक्षण झालं तेवढं झालं."

"माझ्याकडे राहतील तिघी," हिरी म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचे तिलाच नवल वाटले. पण शब्द तोंडातून सुटला होता, आणि चार माणसांनी तो ऐकला होता.

"तुझ्याकडं म्हणजे कुठं?" जिव्याने विचारले. "तू आणि मिथुन एका खोलीत राहता. पोरी काय भिंतीला टांगणार?"

"मोठं घर बघते."

"बघ. मग आम्ही येतो बघायला. घरासारखं घर असलं तर ठेवू पोरी. नाही तर बोईसर आहेच." जिव्या आवाज चढवत नसे. त्यामुळेच त्याचे बोलणे मोडायला कोणी धजत नसे. प्रगतीचा बाप चिमण याने मान डोलावली. जिव्या बोलला की चिमणची मान आपोआप डोलत असे.

अकरावीचे वर्ग सुरू व्हायला फार अवधी नव्हता. हिरीने आपले स्वतःचे शिक्षण एका नातेवाइकाच्या घरात, स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात अंथरूण टाकून केले होते. जेवायला पोटभर मिळाले, बोलणीही कोणाची खावी लागली नाहीत. तरी रोज सकाळी सगळ्यांत आधी उठून आपले अंथरूण, आपली वही आणि आपण स्वतः असे तिन्ही कोणाच्या पायात येणार नाही अशा जागी हलवायचे, हे तिला चार वर्षे करावे लागले होते. मुलींना तिच्या घरी सोय नव्हे, जागा मिळायला हवी होती. स्वतःची खाट, स्वतःचा कोपरा, आणि आतून लागणारी कडी.

घर मिळाले. डहाणूच्या बाहेर, एका चिकूच्या वाडीच्या कडेला तीन खोल्यांचे कौलारू घर कित्येक वर्षे बंद पडले होते. वाडीचे म्हातारे इराणी मालक भाडे कमी घ्यायला तयार झाले, कारण आत काहीच नव्हते, खुंटीसुद्धा नव्हती. पहिल्यांदा दार उघडले तेव्हा तिचा नवरा मिथुन आत जाऊन खाकरला, आणि त्याचा आवाज तिन्ही खोल्यांतून फिरून परत आला.

"इथं आधीच कोणीतरी राहतंय," तो म्हणाला.

"भरलं की गप्प बसेल," हिरी म्हणाली.

मात्र भरायचे कशाने? दुकानातली एक नवी खाट घ्यायची तर महिन्याचे गणित बिघडत होते, आणि खाटा तीन हव्या होत्या. तेव्हा हिरीच्या मनात मिथुनच्या टेम्पोचा विचार आला. मिथुन वाडीवाल्यांचे चिकू घेऊन कधी उंबरगाव, कधी वापी, कधी बोईसरच्या बाजारात जात असे. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी. "रिकामा टेम्पो आणणं म्हणजे डिझेलला हवा खायला नेणं," असे तो नेहमी म्हणायचा. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे ॲप हिरीच्या मोबाइलवर होतेच; त्या वर्षी इंटरनेट इतके स्वस्त झाले होते, की पाड्यावरचीही मुले झाडावर चढून व्हिडिओ पाहत. तिने एक नियम केला. ज्या गावी मिथुन चिकू घेऊन जाणार, त्याच गावची वस्तू पाहायची. कितीही चांगली असली तरी वाट वाकडी करायची नाही. अशा रीतीने हिरीचे घर परतीच्या वाटेवर जमू लागले.

आणखी एक नियम तिने कधी बोलून दाखवला नाही, पण पाळला. विकणाऱ्याला ती आधी भाव विचारत नसे. "का विकता?" हा तिचा पहिला प्रश्न असे. माणसे गडबडत. काही चिडत. बहुतेक जण मात्र दोन क्षण थांबून सांगू लागत, आणि एकदा सांगू लागले की भाव आपोआप खाली येई. हिरीचा हेतू भावाचा नव्हता. पाड्यावर माणूस गेला की त्याची खाट घरात ठेवत नाहीत; ती मसणवटीच्या वाटेला नेऊन टाकतात. उद्या पाहायला येणाऱ्यांच्या मनात हाच प्रश्न पहिला येईल, हे तिला ठाऊक होते. तिच्या स्वतःच्याही मनात तो येत होताच.

भिलाडला एक सागाचा पलंग निघाला. नक्षीचे पाय, जाड फळ्या, आणि किंमत अशी की फुकटच म्हणावा. हिरीने फोन केला.

"का विकता, भाई?"

"जागा नथी, बेन."

"जागा आधी होती ना?"

"बापूजी गया महिने..." माणूस थांबला. "पण पलंग सरस छे, बेन."

"पलंग सरसच असेल," हिरी म्हणाली, "पण तो तुमच्या घरीच राहू दे. नाहीतर देवळाला द्या." आणि तिने फोन ठेवला.

मिथुनला हे पटले नाही. "तू दिवसभर दवाखान्यात असतेस. तिथल्या खाटांवर काय सगळे हसत-खेळत घरी जातात?"

"दवाखान्यातल्या खाटेवर माणूस रोज बदलतो. तिच्यावर कोणाचा हक्क बसत नाही. घरातल्या खाटेवर बसतो."

शेवटी खाटा आल्या त्या उंबरगावच्या एका लॉजमधून. लॉजमालकाला खाली लग्नाचा हॉल काढायचा होता. खाटा लोखंडी, निळा रंग उडालेला, पण कण्यात सरळ. हिरीने त्या घासून त्यांना स्वतः रंग दिला. संजाणच्या एका पारशी म्हातारीकडून लांबलचक जेवणाचे टेबल आले. "जमवावाळा गया, टेबल रही गयुं," म्हातारी म्हणाली; जेवणारे गेले, टेबल राहिले. मग हिरीचा चेहरा पाहून तिने मराठीत पुस्ती जोडली, "टेबलावर नाय गेला कोणी, बाय. अमेरिकेला गेले सगळे." तिघींना एका बाजूला बसून अभ्यास करता येईल एवढे ते टेबल होते. बोईसरला एक केशकर्तनालय बंद पडले, तिथला भिंतभर आरसा आणि त्याखालची फळी आली. वापीच्या दंतवैद्याने दवाखाना मोठा केला, त्याचे बाहेरचे बाकडे ओटीवर लागले. त्या बाकड्यावर बसलेला माणूस पहिले काही दिवस नकळत गाल चाचपतो, असे मिथुनचे म्हणणे होते. एका शिक्षकाची बदली झाली, त्याचे पत्र्याचे कपाट आले. त्याच्या दारावर आतून कोणा लहान मुलाने पाढे लिहिले होते. हिरीने कपाट रंगवले, पण पाढे तसेच ठेवले.

दवाखान्यातून आल्यावर ती भिंतींना चुना लावी, खुंट्या ठोकी, खाटांची जागा बदलून पाही. कोणती खाट खिडकीशी, कोणती दाराशी. तीन मुलींत भांडण होणार नाही अशी मांडणी कोणती, याचा विचार ती इंजेक्शन भरतानाही करत असावी. घर आता हाकेला उलट बोलत नव्हते.

राहिली होती ती भांडी ठेवायची मांडणी. डॉक्टरांच्या घरी गुजराती बोलत, आणि त्यांची पत्नी भांड्यांच्या मांडणीला "घोडो" म्हणत असे. "हिरी, घोडा परथी तपेली आप ने," हे वाक्य हिरीने शेकडो वेळा ऐकले होते. ॲपवर उंबरगावच्या एका घराची जाहिरात दिसली. वर दोरीने बांधलेल्या लाकडी दांड्यांचा फोटो, खाली गुजराती अक्षरे. हिरीने अक्षर अक्षर जुळवत वाचले: "सागनुं घोडियुं." घोडो म्हणजे मोठी मांडणी, तर घोडियुं म्हणजे लहान मांडणी, असा हिशोब तिने मनाशी केला, आणि तो हिशोब तिला फार आवडला. "का विकता?" याचे उत्तर आले, "हवे जरूर नथी, छोकरां मोटां थई गयां." मुले मोठी झाली, भांडी कमी झाली असतील, असे तिने समजून घेतले. मिथुनला तिने फोनवर एवढेच सांगितले, की पत्ता पाठवला आहे, बांधून ठेवलेले सामान घेऊन ये.

पाड्याची मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. संध्याकाळी मिथुन आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. लाकडाचा भारा त्याने अगदी जपून, दोन्ही हातांनी उतरवला.

"सांगायचं तरी होतंस," तो खाली पाहत म्हणाला.

"काय सांगायचं?"

"तेच. असं सामान आणायला पाठवून कळवायचं असतं होय?"

हिरीने भारा सोडला. दोन बाजूंचे फुलीसारखे पाय, वर आडवा दांडा, आणि झोळी अडकवायच्या कड्या. पाळणा होता. घोडियुं म्हणजे पाळणा. मिथुनला शब्द ठाऊक होता. तो उंबरगावापासून मनात काही वेगळेच धरून गाडी चालवत आला होता. हिरीला हसू आवरेना, आणि हसता हसता मिथुनचा चेहरा पाहून ती थांबली.

"नाही रे," ती हळूच म्हणाली. "मला भांडी ठेवायची होती."

मिथुनने पुडा उघडून एक पेढा तिला दिला, एक स्वतः खाल्ला. "पेढे काय परत घेत नाहीत," तो म्हणाला. मग पाळण्याकडे पाहून त्याच्या लक्षात आले. "उद्या जिव्याकाका येणार. आणि पोरींच्या घरात हा?"

वयात आलेल्या मुली, शहरातले घर, आणि घरात पाळणा! पाड्याला ज्या गोष्टीची भीती, तीच गोष्ट मधल्या खोलीत उभी.

"वाडीत नेऊन टाकू?" मिथुनने विचारले.

"नको. लपवलेली वस्तूच आपल्या लोकांना आधी दिसते. राहू दे इथंच. मी सांगेन."

सकाळी जीपमधून सहा-सात जण उतरले. पुढे जिव्या, त्याच्यामागे चिमण, धाकलीची आई वर्षा कडेवर तान्हे मूल घेऊन, तिन्ही मुली एकमेकींना चिकटून, आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, जिव्याची आई नवशी. तिच्या हातून पाड्यावरची अर्धी माणसे जगात आली होती.

जिव्याने उंबरा ओलांडला, आणि त्याची नजर जिथे पडायला नको तिथेच पडली.

"हा कोणासाठी?"

मिथुन कौले मोजत असल्यासारखा वर पाहू लागला. चिमणच्या तोंडून निघून गेले, "अजून कॉलेजात नाव नाही घातलं, आणि पाळणा तयार!" निलमने मान खाली घातली.

"माझी चूक झाली, काका," हिरी म्हणाली. "गुजरातीत घोडो म्हणजे भांड्यांची मांडणी. मला वाटलं घोडियुं म्हणजे लहान मांडणी. म्हणून मागवलं. काल संध्याकाळी उघडल्यावर कळलं."

मागून नवशी आजीचे हसणे ऐकू आले. ती तरुणपणी उंबरगावला गवत कापायच्या कामाला जात असे, आणि तिथली भाषा तिला चांगली येत होती. "भांडी मांडायला घोडियुं!" ती काठीवर डोके टेकून हसत होती. "मांड गं बाय, मांड! तपेल्याला अंगाई म्हण!"

मुली फिसकन हसल्या. वर्षाही हसली. जिव्या मात्र हसला नाही. तो आतल्या खोलीत गेला आणि एकेका वस्तूपाशी थांबू लागला. "ही खाट कोणाची?"

"लॉजमधली. तिथं हॉल काढणार आहेत."

"कोण मेलं का हिच्यावर?"

"नाही. मी विचारूनच आणली."

"त्यांनी सांगितलं आणि तू मानलंस?"

"एकानं सांगितलं, बापूजी गेले म्हणून. तो पलंग नाही आणला. सागाचा होता."

जिव्याने तिच्याकडे वळून पाहिले. सागाचा पलंग कोणी सोडत नाही, हे त्याला ठाऊक होते. तो पुढे झाला. टेबल कोणाचे, कपाट कोणाचे, आरसा कुठला, त्याने सगळे विचारले, आणि हिरीने प्रत्येकाचे सांगितले. कोण अमेरिकेला गेले, कोणाची बदली झाली, कोणाचे दुकान चालले नाही. जिव्याने आतली कडी दोनदा लावून, उघडून पाहिली. आरशासमोर त्याने स्वतःला नखशिखांत पाहिले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, आणि टोपी सरळ केली.

"सगळं खरं," तो शेवटी म्हणाला. "पण जुनं ते जुनं. दुनियेनं वापरून टाकलेल्या सामानात माझी पोर राहणार? पाड्यावर लोक काय म्हणतील?"

आतापर्यंतच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिने फिरून, विचारून, घासूनपुसून तयार ठेवले होते. या एका प्रश्नाचे नव्हते. निलमने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत बोईसरची वाट स्पष्ट दिसत होती.

नवशी आजी दंतवैद्याच्या बाकड्यावर बसली होती. तिथूनच ती बोलली.

"जिव्या, नवा भात झाला की आपण तोंडात घालतो का रे?"

"नाही."

"का?"

"देवाला दाखवल्याबिगर कसा खायचा?"

"आणि जुना भात? त्याला कोणाला विचारतोस?"

जिव्याने टोपी पुन्हा सरळ केली.

"नव्याला देवाची परवानगी लागते. जुन्याला कोणाची लागत नाही. ते आधीच चालून गेलेलं असतं. तुझ्या बापानं मला आणलं तेव्हा त्या घरात मडकंसुद्धा नवं नव्हतं. त्यातच शिजवून तुला वाढवला. काय कमी पडलं तुझ्यात?" तिने जरा थांबून मुलाला न्याहाळले. "पडलं असेल थोडं. पण ते मडक्यामुळं नाही."

चिमणची मान डोलली, आणि आपण कोणाच्या बाजूने डोलवली हे लक्षात येऊन मध्येच थांबली.

"आणि पाळणा कुठं पाठवू नको," आजी हिरीला म्हणाली. "आपल्या बायका बाळंतपणाला डहाणूला येतात. सुटी मिळाली की गाडी मिळेपर्यंत टेकायला जागा नसते. या वर्षालाच विचार."

"माझा नवरा दोन दिवस रिक्षात झोपला होता," वर्षा म्हणाली. एवढे बोलेपर्यंत तिने पदराची झोळी करून कड्यांना बांधलीही होती, आणि बाळ तिच्यात टाकले होते. "ओटीवर राहिलो तर चालेल ना, हिरीबाय?"

"ओटीवर कशाला? मधल्या खोलीत," हिरी म्हणाली. ज्या घराची परीक्षा घ्यायला माणसे आली होती, त्या घरात ती आता आपापल्या जागा ठरवत होती, हे तिच्या ध्यानात आले. पण जिव्या अजून काही बोलला नव्हता, आणि घरात शब्द त्याचाच चालणार होता.

जिव्या पुन्हा आतल्या खोलीत गेला. खिडकीशी असलेल्या खाटेवर तो बसला. मग आडवा झाला, कूस बदलली, आणि उठून बसला.

"हलते," तो म्हणाला.

"कोब्याची जमीन आहे, काका. एका बाजूला उतार आहे," हिरी म्हणाली. "बदलून दुसरीकडं लावते."

जिव्या मागच्या दाराने वाडीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चिकूची वाळकी फांदी होती. शहरात यायचे म्हणूनही त्याने कमरेचा कोयता घरी ठेवला नव्हता. उंबऱ्यावर बसून त्याने लाकूड सोलले, कोपरे काढले, एका बाजूने निमुळते केले. सगळे जण पाहत उभे राहिले.

"पाचर मारायची तर याला सांगावं लागत नाही," नवशी आजी म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांच्या कामात तेच केलं."

या वेळी जिव्याच्या मिशीत काहीतरी हलले. त्याने खाटेचा पाय एका हाताने उचलला, पाचर खाली सरकवली, कोयत्याच्या मुठीने दोन ठोके दिले आणि खाट गदागदा हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. मग तो दुसऱ्या खाटेकडे वळला, तिचाही एक पाय चाचपला, आणि तिसरीकडे पाहत म्हणाला, "चिमण, फांदी आण आणखी एक."

हिरी भिंतीला टेकून उभी होती. परक्याच्या घरातले काही दुरुस्त करायला जिव्या कधी बसत नाही, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

"काका," ती म्हणाली, "निलमला कुठली खाट देऊ?"

जिव्याने मान वर केली नाही. लाकडाचा एक कपचा उडून त्याच्या पायाशी पडला.

"खिडकीजवळची," तो म्हणाला. "तिला उजेडात वाचायची सवय आहे."